डब्याने सांगितलेला पत्ता

कचऱ्याच्या डब्यासमोर वस्तू धरली की तो तिचा पुढचा पत्ता सांगायचा. भाजीची देठं सोसायटीच्या बागेत, फुटक्या बरण्या भोसरीच्या काचभट्टीत. इंदुमती घैसासांना त्याची सवय झाली होती. पण यजमान गेल्यापासून त्यांचा बंद रेडिओ टाकायला हात धजत नव्हता. अखेर एके दिवशी लेकीने, मृणालने, तो डब्यासमोर धरला.

"मंगळ," डबा म्हणाला. "तिथल्या एका दूरच्या तळाचा रेडिओ बिघडलाय. यातली तांब्याची कॉइल त्याला चालेल. पुढचं यान नेईल."

"चुकलं असेल त्याचं," इंदुमती म्हणाल्या.

"नाही आई, पुन्हा तेच सांगतोय."

त्यांनी रेडिओवरून हात फिरवला. कॉइल यजमानांनी स्वतः गुंडाळली होती. "ह्यांना तर पुण्याबाहेर जायचाही कंटाळा," असं म्हणून त्यांनी तो डब्यात ठेवला.

थंडीत एका संध्याकाळी डबा म्हणाला, "मंगळावरून तुम्हाला निरोप आहे." मग खरखरीतून एका तरुणीचा आवाज आला. "घैसास आजी, कित्येक महिन्यांनी आज आमचं कुणाशी तरी बोलणं झालं. आम्ही सगळे सुखरूप आहोत."

इंदुमती गॅलरीत गेल्या. बराच वेळ त्या आकाशाकडे बघत राहिल्या.

"मृणाल, दिवा घालव जरा," त्या हळूच म्हणाल्या. "ह्या चांदण्यांतला मंगळ कुठला, दाखव मला."