तपकिरी तबकडीचं घड्याळ

पट्ट्याचं एक टोक टायपिंगचा क्लास घेणाऱ्या बाईंच्या हातात होतं आणि दुसरं एका अनोळखी गृहस्थांच्या. मध्ये, घड्याळजीच्या काउंटरच्या काचेवर, ते तपकिरी तबकडीचं घड्याळ लोंबकळत होतं. बाई नऊ वर्षं त्याच्या मागावर होत्या. गृहस्थ, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, बारा.

"मी आधी पाहिलं," बाई म्हणाल्या. छप्पन्नाव्या वर्षी आपण असं भांडू, हे सकाळी कुणी सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं. पण छाती अशी धडधडत होती, जणू शाळेची सहल निघाली होती.

"मी आधी उचललं," गृहस्थ म्हणाले. ते निवृत्त मोजणीदार. उभा जन्म लोकांच्या बांधावरची भांडणं मिटवण्यात गेलेला. आज स्वतः इंचभर मागे सरकायला तयार नव्हते.

घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढलं. "मी काय आता मधोमध कापून देऊ? ज्याला सांभाळता येतं त्याने न्यावं."

मग काय, दोघांनी कंबरच कसली. बाईंकडे एक्केचाळीस घड्याळं, सगळी चावीची. गृहस्थांकडे त्रेपन्न. बाई रोज सकाळी सातच्या आत सगळ्यांना चावी देतात. गृहस्थ साडेसहाच्या आत. बाईंनी अंगठ्यावरचा घट्टा दाखवला. गृहस्थांनी आपला अंगठा शेजारी टेकवला. घट्टा अगदी त्याच जागी. बाईंना हसू फुटलं. दाबायला गेल्या, तर नाकातून बाहेर पडलं.

"एका मनगटाला एक्केचाळीस कशाला, असं माझी वहिनी विचारते," त्या म्हणाल्या. "मी सांगते, छंद आहे. तुम्ही काय सांगता?"

"मीही तेच." गृहस्थांनी पट्टा सोडला नाही, पण आवाज खाली आला. "खरं म्हणजे, सकाळी घरात कुणाला तरी उठवायचं असतं, तेवढंच बरं वाटतं."

हे बाईंनी स्वतःशीसुद्धा कधी इतकं सरळ कबूल केलं नव्हतं.

"आजारी पडलात तर चावी कोण देतं?" गृहस्थांनी विचारलं.

"कुणी नाही. गेल्या वर्षी पाच दिवस अंगात ताप होता. बरी होऊन उठले, तर अख्ख्या घरात एकही टिकटिक नाही. तापात रडले नाही, ती तेव्हा रडले."

"मी इथून तिसऱ्या गल्लीत राहतो." गृहस्थांचे कान लाल झाले. "नुसता निरोप पाठवायचा. एक्केचाळीस म्हणजे मला काहीच नाही."

"मग त्रेपन्न मलाही जड नाहीत," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोलून गेलो ते कळून त्यांचेही कान तापले.

बोलता बोलता दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात कधी येऊन बसले, कळलंच नाही. एक चहा झाला, दुसरा झाला. चावी आधी की चहा आधी, यावर कडाक्याचा वाद झाला. बाईंची पाचची बॅच वाट पाहून केव्हाच घरी गेली.

तिसरा चहा आला तेव्हा घड्याळजी दुकान बंद करून, धापा टाकत दारात उभा राहिला.

"अहो, शेवटी ते घड्याळ न्यायचं कुणी?"

"कसलं घड्याळ?" बाईंनी विचारलं.