लांडग्याची माय

शेजारच्या वच्छलाबाईंनी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आवाज वाढवला. सिनेमाचं परीक्षण करणारा पोरगा अख्ख्या मलकापुरात आपल्याच गल्लीत निघाला, म्हणून सिंधूताईंच्या ओसरीवर चार बायका जमल्या होत्या. त्यांचा अश्वजित दारातच थबकला.

"आत्ता नको ना, मावशी."

"काऊन? लाजून राह्यला काय? तुह्या मायले पाहू दे ना!"

मोबाइलमधला अश्वजित पुणेरी बोलत होता. पुण्यात वर्षभर राहिला, तेवढ्यात जीभ पार धुऊन-पुसून आला होता. विषय होता लांडगा-माणसाच्या जुन्या भयपटाचा नवा मराठी अवतार. धुकं बरं, पडका किल्ला बरा, पण लांडग्याचे केस म्हणजे उसवलेली गोधडी. बायका हसल्या. सिंधूताईही हसल्या. त्या वाट पाहत होत्या ती लांडग्याच्या आईची.

सिनेमा मायलेकांनी बरोबरच पाहिला होता. त्यातली आई वऱ्हाडी बोलते. रक्तानं माखलेल्या पोराला ती म्हणते, "ये बाप्पा, दोन घास खाऊन घे. मंग जाय कुठी जायचं ते." सिंधूताई पदराआड रडल्या होत्या. "पाय ना, आपल्यावानी बोलते," म्हणाल्या होत्या. खरं सांगायचं तर अश्वजितचेही डोळे भरले होते. पण घरी येऊन त्यानं मोठमोठ्या समीक्षकांचं वाचलं. सगळ्यांनी सिनेमाची सालटी काढली होती. मग यानंही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले.

"आणि ती आई!" मोबाइलमधला अश्वजित म्हणाला. "तिनं तोंड उघडलं की भयपटाचा तमाशा होतो. लांडगा परवडला, पण ही गावंढळ भाषा आवरा!" पाठोपाठ लोकांच्या हसण्याचा आवाज. तो त्यानं स्वतःच जोडला होता.

ओसरीवर कुणी हसलं नाही. वच्छलाबाईंनी मोबाइल उचलला. "मले भाजी टाकाची हाय," म्हणत त्या उठल्या, तशा बाकीच्याही उठल्या. अश्वजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होईना.

तो आतल्या खोलीत जाऊन उगाच माइक पुसत बसला. थोड्या वेळानं सिंधूताई दारात आल्या. एरवी त्यांची हाक चौकापर्यंत जायची आणि रेकॉर्डिंगमध्ये घुसली म्हणून हा चिडायचा. आज त्यांनी नुसता हात तोंडाशी नेला, जेवायला चल अशी खूण केली.

"माय, बोल ना," त्याच्या तोंडून निघालं. "माइक बंद हाय."

सिंधूताईंनी माइककडे पाहिलं, नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा तसाच हात तोंडाशी नेला.