मानाचा बैल
पोळ्याला वेशीतलं तोरण तोडायचा मान आजोबापासून मुंजाजीच्या घरच्या बैलाचा. यंदा मात्र मुंजाजीनं बाप्तिस्मा घेतला होता. तोरणाखालून बैल मारुतीच्या दर्शनाला जातात, आणि येशूला दिलेला शब्द त्याला मोडायचा नव्हता. सकाळी त्यानं बैल धुतला, शिंगं रंगवली, झूल घातली आणि कासरा धाकट्या भावाच्या हाती दिला. वेशीत बैल अडला. गर्दीत उभ्या मुंजाजीकडं मान वळवून बघत राहिला. हलग्या थांबल्या. भाऊ काकुळतीला आला. “दादा, नुस्ता कासरा धर. तुझा येशू कुठं बघायलाय?” मुंजाजीचा हात पुढं झाला, कासऱ्यापाशी थांबला. “मी हितं हाय तवर त्यो हलत न्हाई,” म्हणत तो घराकडं वळला. बैल पाठोपाठ येईल, असं त्याला पावलापावलाला वाटत होतं. यावा, असंही वाटत होतं. कोपऱ्यापर्यंत पोचला नाही, तोच हलग्या पुन्हा कडाडल्या.