रक्त देईपर्यंत

“पोरीला गहू सोसत नसावा. रक्त मुंबईला पाठवून बघू,” डॉक्टर म्हणाले. “पण रक्त घेईपर्यंत रोज चपाती द्यायचीच, बाई. बंद केलीत, तर आजार असूनही रक्तात दिसायचा नाही.”

केशरबाईनं मान हलवली. मांडीवर चार वर्षांची संगी. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. नवरा मच्छिंद्र वाशी गावच्या सहकारी सोसायटीत शिपाई लागला, घरात कौतुकानं गहू आला, आणि त्यानंच घात करावा? नशीब कुठं आडवं येईल, काय सांगावं!

मुंबईला रक्त नेणारा माणूस संक्रांतीनंतरच येणार होता, म्हणून रक्त तेव्हा घ्यायचं ठरलं. दिवाळी नुकतीच झाली होती.

घरी सासू मथुराबाई भडकली. “ज्यानं दुखतंय त्येच चारा? कुठला म्हणायचा ह्यो डाक्टर!”

“शिकलेला माणूस हाय, आत्या. म्या कामावर गेले की तुमी चारा. इसरू नका.”

साल दुष्काळाचं. केशरबाई तलावाच्या खोदकामावर जायची. जुनी ज्वारी म्हातारीपुरतीच उरली होती. भाकरीशिवाय तिचं भागायचं नाही. सकाळी संगीची चपाती आणि म्हातारीची भाकरी झाकून केशरबाई निघायची. संध्याकाळी दोन्ही ताटल्या रिकाम्या. रात्री सगळ्यांना भातच.

आणि संगी सुधारली की! जुलाब थांबले, गाल भरले, अंगणात पळायला लागली.

“बघा आत्या, मानवली का न्हाय चपाती?”

म्हातारी नुसती हसली.

संक्रांत झाली, रक्त गेलं, निकाल आला. रक्तात काही नव्हतं.

“चपाती नेमानं दिली ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“एक दिस चुकले न्हाय.”

“मग गव्हाचा दोष नाही. खुशाल खाऊ द्या.”

मच्छिंद्रनं सोसायटीत गूळ वाटला. पुढं ज्वारी संपली, तांदूळ संपला, सगळं घर रेशनच्या गव्हावर आलं. संगीला पुन्हा जुलाब लागले. दवाखाने झाले, औषधं झाली. गव्हाचं नाव मात्र कुणी काढलं नाही. आखाडात संगी गेली.

माती देऊन माणसं परतली. केशरबाई कपाळ बडवून घेत होती. “डाक्टरचं समदं ऐकलं, आत्या! तरी माझी संगी गेली!”

मथुराबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. केसांवरून हात फिरवत राहिली.

“नगं रडू, केशर. तू कामावर गेलीस की तिची चपाती म्या खायची, आन् माझी भाकर तिला दुधात कुस्करून चारायची. रक्त देईपर्यंत तरी लेकराचं पोट म्या दुखू दिलं न्हाय.”