अर्धं वावर

एकाहत्तर साली समुद्रपूरच्या वावरात गव्हाची पेरणी अर्ध्यावर आली असताना रूपरावच्या हाती तार पडली. फौज सोडून पाच वर्षं झाली, तरी नाव राखीव सैनिकांत होतं. आता बोलावणं आलं. तो तिफण हाकायचा, बायको जयवंता मागून बी सोडायची. बाईनं तिफण हाकायची गावात रीतच नव्हती. "नानाजी, उरलेलं तेवढं पेरून देजा," असं शेजाऱ्याला सांगून तो निघाला.

छावणीत तरुण कॅप्टननं त्याला खालीवर न्याहाळलं. "पाच वर्षं बैल हाकलेत. कायमच्या जवानांची बरोबरी जमेल?"

"ते लढाई झाल्यावर सांगजा, साहेब."

लढाई संपली. निरोप देताना कॅप्टन म्हणाले, "माझ्या तुकडीत कायमचा जवान कोणता आणि राखीव कोणता, मला शेवटपर्यंत ओळखू आलं नाही." हे वाक्य रूपरावनं घरापर्यंत जपून आणलं.

वावरात गहू कापणीला आला होता. पेरणीच्या ओळींची सारी तासं सुतात, सरळ होती.

"नानाजी, लय बेस पेरलं जी!"

"मी कुठं? मी तापानं पडलो होतो. तुह्या जयवंतानं हाकली तिफण. गाव हासलं, पन तिनं कासरा नाई सोडला."

रूपराव वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत फिरून आला.

"काय पाहून राह्यले?" जयवंतानं विचारलं.

"माहं पेरलेलं कुठं सरलं अन तुहं कुठून लागलं, मले ओळखू येऊन नाई राह्यलं."

बोलला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं: कॅप्टनचं वाक्य त्यानं इतक्या दुरून हिच्यासाठीच आणलं होतं.