मोहाची वाटी

डॉक्टरबाईंनी सोमारीची खालची पापणी ओढून पाहिली. डोळा हळदीसारखा पिवळा होता.

"संधिवाताच्या गोळ्या दिल्या तेव्हा बजावलं होतं, दारूचा थेंबही चालणार नाही, लिव्हर जाईल म्हणून. तरी ही प्यायली?"

तिचा मुलगा लालसू चिडला. "माय दारूला शिवत नाही, बाई. माझा बाप दारूनंच गेला. देशीची बाटली आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही."

"मग रोज घेते तरी काय?"

"जेवण, तुमच्या गोळ्या, अन् सकाळी वाटीभर मोहाची. बोटं आखडतात ना तिची. घरीच काढतो आम्ही, आधी देवाला वाहून. बाळंतिणीलासुद्धा देतात. ती दारू थोडीच आहे?"

डॉक्टरबाईंना आठवलं, गोळ्या देताना त्यांनी मोहाचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी लालसूला शेजारी बसवलं आणि मोह आंबवून गाळल्यावर उतरते तीही दारूच, बाटलीतल्या दारूसारखीच ती लिव्हर जाळते, हे शांतपणे समजावलं. आता उशीर झाला आहे, हेही सांगितलं.

लालसू स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मायला वाटी धरता येत नसे, म्हणून तोच ती तिच्या ओठांना लावायचा.

सोमारीला सगळं कळलं नव्हतं. पोराचा उतरलेला चेहरा तेवढा दिसला.

"बाई, त्याला रागवू नका," ती म्हणाली. "असा लेक कोणाला मिळतो? एक दिवस चुकवला नाही त्यानं."