बेल्चितेला पडलेला माणूस

दोन्ही हात वर धरून फेर्मीन खंदकाबाहेर आला. एका हातात तंबाखूची पिशवी होती. समोरच्या, सरकारी फौजेच्या खंदकातूनही एक शिपाई निघाला. त्याच्याकडे सिगारेटी वळायच्या कागदांचा गठ्ठा होता. तंबाखूचा मुलूख बंडवाल्या जनरलांकडे गेला होता आणि कागदाच्या गिरण्या सरकारकडे राहिल्या होत्या. म्हणून स्पेनमधल्या आरागोनच्या त्या आघाडीवर आठवड्यातून एकदा, भर दुपारी, अर्धा तास कोणी गोळी झाडत नसे.

बांधापाशी दोघे समोरासमोर आले. फेर्मीनच्या हातून पिशवी गळाली.

"ब्लास? तू तिकडे कसा?"

"तू इकडे कसा, ते सांग आधी," ब्लास म्हणाला.

दोघे एकाच गावचे. छत्तीसच्या जुलैत बंड झालं तेव्हा फेर्मीन गावात खेचरं हाकत होता. गाव सरकारकडे राहिलं, म्हणून तो सरकारी शिपाई झाला. ब्लास सारागोसात पाव भाजत होता. शहर बंडवाल्यांनी घेतलं, म्हणून तो त्यांचा झाला. पुढे बेल्चितेच्या लढाईत दोघेही होते आणि एकाच आठवड्यात दोघेही पलीकडच्यांच्या हाती सापडले. गोळी खायला भिंतीशी उभा राहतोस की आमचा कोट घालतोस, असं दोघांनाही विचारलं गेलं. दोघांनीही कोट घातला.

तेव्हापासून फेर्मीनचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सरकारी फौजेतला कमिसार, म्हणजे शिपायांना राजकारण शिकवणारा अधिकारी, सांगायचा, ही लढाई जमीनदारांविरुद्ध आहे. ते त्याला पटलं होतं. जमीनदाराची ओझी त्यानेच वाहिली होती. इकडचा पाद्री सांगायचा, ही लढाई देवासाठी आहे. तेही पटलं, सरकारवाल्यांनी गावचं चर्च जाळलं तेव्हा त्याची आई रस्त्यात बसून रडली होती. आता बंदूक चालवताना तो डोळे मिटून घेई. नेम चुकला की त्याला बरं वाटे, आणि बरं वाटलं म्हणून भीतीही वाटे.

"कोट बदलू या," ब्लास हलकेच म्हणाला. "टोपी खाली ओढायची. इतक्या लांबून कोण ओळखतंय? तू गाठ गाव, मी गाठतो सारागोसा. म्हातारी आई एकटी आहे तिथे माझी."

फेर्मीनची बोटं बटणांवर गेलीसुद्धा. "माझ्या पेत्राला पाहिलंस कधी?"

ब्लासने मान फिरवली. "पंधरा दिवसांपूर्वी गावात होतो. हे आधीच सांगायला हवं होतं, गड्या. तू बेल्चितेला पडलास असं पत्र आलंय तिला. शाळेच्या भिंतीवर हुतात्म्यांत तुझं नाव लावलंय. तिला वेगळं पीठ मिळतं, तेल मिळतं. रांगेत बायका तिला पुढे जागा देतात. नाताळात मुलगी झाली."

फेर्मीन खाली बसला. गेली तेव्हा तिला पाचवा लागला होता, एवढंच त्याला आठवत होतं. नाही, गेला तो होता, ती तर दारात उभी होती. सगळंच उलटसुलट झालं होतं.

"आणि मी परतलो तर?"

"सहा महिने कुठे होतास, विचारतील. तू काय सांगणार? तुला भिंत आहेच. तिला फितुराची बायको म्हणतील."

"मुलीचं नाव काय?"

"फेर्मिना."

मागून शिटी झाली. अर्धा तास संपत आला होता. फेर्मीन उठला. सोडलेली बटणं त्याने एकेक करून पुन्हा लावली. ब्लासने ते पाहिलं, मग स्वतःच्या कोटावरचा हात काढला आणि खाली वाकून तंबाखूची पिशवी उचलली.

"माझी म्हातारी राहिली मग," तो म्हणाला.

"माफ कर."

"असू दे. पेत्राला काही सांगू?"

"तिला काही नको. पोर मोठी झाली आणि तिने विचारलं, तर सांग," फेर्मीन म्हणाला, "तुझा बाप मेला, तेव्हा आपण कोणाच्या बाजूला आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं."